डाव्या कोपऱ्याचा रघुवीर

रघुवीर साळगरने मला रग्बी लीगवर पैज लावायला शिकवलं, आणि स्वतः कधी एक पेनी लावली नाही. त्याला लावता येत नव्हती. मॅचच्या दिवशी तो आमच्या गावच्या क्लबात स्टुअर्ड म्हणून उभा राहायचा, आणि क्लबाच्या माणसाला, मग तो कोच असो नाहीतर कार पार्कात हात दाखवणारा, या खेळावर सट्टा लावायला सक्त मनाई असते. त्यात त्याचा मुलगा समर त्याच क्लबाचा डावा विंगर, डाव्या कडेने पळणारा गडी. बापाने बेटिंग शॉपच्या काचेकडे नुसतं पाहिलं असतं तरी लोकांच्या भुवया चढल्या असत्या.

गाव आमचं वेस्ट यॉर्कशरमधलं, खाणी बंद पडल्यावर मागे उरलेलं. क्लब दुसऱ्या डिव्हिजनचा, पण प्रोफेशनल. पोरांना पगार मिळतो आणि त्या पगाराच्या बदल्यात ती दर रविवारी एकमेकांची हाडं मोडतात. मी नागपूरचा, इन्शुरन्समधला माणूस, आधी कॉव्हेंट्रीत होतो. रग्बी म्हणजे बड्या शाळांच्या पोरांनी चिखलात लोळायचं, एवढंच माझं ज्ञान. पण इथे ऑफिसात शुक्रवारी सगळे पैजा लावायचे आणि मला विचारायचे, "प्रणव, हू डू यू फॅन्सी?" मी काय सांगणार, कपाळ? म्हणून रघुवीरला धरलं.

रघुवीर आठवडाभर बस चालवायचा. त्याची बायको सुहासिनी इथल्या हॉस्पिटलात नर्स. तिच्या व्हिसावर तो आला होता आणि हे तो चारचौघांत न लाजता सांगायचा. मूळचा सांगलीकडचा. तिकडे तो कबड्डी खेळायचा, डाव्या कोपऱ्यावर. ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो, कोपऱ्यावरचा गडी चढाई करणाऱ्याच्या घोट्याची वाट बघत ओणवा असतो. घोटा टप्प्यात आला की झडप घालायची, आणि मग जीव गेला तरी सोडायचं नाही. त्यापायी रघुवीरच्या दोन्ही हातांची बोटं वेडीवाकडी झाली होती. बसच्या स्टिअरिंगवर ती बोटं बघून टारगट पोरंही मुकाट तिकीट काढत असावीत.

पहिला धडा त्याने मला त्याच्या किचनमध्ये दिला, कांदा चिरता चिरता.

"ही रग्बी युनियन न्हवं, प्रणव, रग्बी लीग हाय. युनियनमधी पंधरा गडी, हितं तेरा. सहा वेळा पाडलं की बॉल समोरच्याला द्यायचा. सहा चढाया समज. कळलं?"

कळलं म्हटलं.

"मग पैज कशावर लावशील?"

"कोण जिंकणार त्यावर."

त्याने सुरी खाली ठेवली. "गाढवा, मोठी टीम जिंकनार हे बुकीला म्हाईत न्हाई व्हय? त्यात तुला काय सुटनार, चिंचोके? हँडिकॅप बघायचा."

हँडिकॅप म्हणजे कमजोर संघाला पैजेपुरते आधीच गुण देऊन टाकायचे. समजा बारा दिले, आणि आपण त्या कमजोर संघावर पैसे लावले. मैदानावर तो दहाने हरला तरी आपण जिंकलो. चौदाने हरला तर आपण बुडालो. हे मला समजायला तीन कांदे लागले. बाकीचं त्याने हळूहळू सांगितलं, कधी बसच्या डेपोबाहेर, कधी चिप्स खाताना. टीमशीट आली की ट्राय मारणारे, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवणारे चिकणे गडी बघायचे नाहीत, मधले दोन रेडे बघायचे. ते नसले की संघाची चाळणी होते. पाऊस असला की बॉल साबणासारखा निसटतो, कुणी कुणाला फार मागे टाकत नाही, म्हणून पावसात गुण घेणाऱ्याच्या बाजूने राहायचं. आणि पडल्यावर कोण कसा उठतो ते बघायचं.

"पडत्यात सगळेच," तो म्हणाला. "उठताना जमिनीला हात टेकला, की गडी संपला."

समर कसा आहे, आज खेळणार का, कुणाचा गुडघा दुखतोय, यातलं मात्र तो अक्षरही बोलायचा नाही. एकदा मी खोदून विचारलं तर त्याने मला घराबाहेर काढलं, अर्धी चपाती माझ्या हातात तशीच. दारातच त्याने शेवटचा नियम सांगितला. "आपल्या मानसावर पैज लावायची न्हाई. पैज लागली की मानूस दिसत न्हाई, आकडा दिसतो."

हा नियम आमच्या महाराष्ट्र मंडळाने पार धाब्यावर बसवला होता. समर इथेच वाढलेला, एकवीस वर्षांचा, आणि मराठी आडनावाचा पोरगा प्रोफेशनल जर्सी घालतो म्हटल्यावर मंडळाला काय करू नि काय नको झालं. आपला तो बाब्या! अध्यक्ष शशी केळुस्करने टूम काढली, प्रत्येक मॅचला समर ट्राय मारणार यावर घरटी पैज लावायची. बायका त्याला ओवाळणी म्हणायला लागल्या. "ओवाळणी टाकलीत का?" असं एकमेकींना फोन करून विचारायच्या. ज्या बाईने आयुष्यात लॉटरीचं तिकीट घेतलं नव्हतं ती रविवारी देवाला दिवा लावून मोबाइलवर समरचं नाव दाबायची. त्यात त्यांना सट्टा दिसतच नव्हता, माया दिसत होती. मला ते बघून संताप यायचा. मी तसं बोललो तर शशी म्हणाला, "तुला मेल्या शकुन कळत नाही."

आणि हा खेळ शकुनाचा नाही हो. मी पहिली मॅच पाहिली तेव्हा एकाचा जबडा मोडल्याचा आवाज मला स्टँडमध्ये ऐकू आला होता. शंभर शंभर किलोची माणसं धावत येतात आणि एकमेकांवर मुद्दाम आदळतात. नाकातून रक्त आलं तर कापूस कोंबून परत खेळतात. एकाचा कान लोंबताना मी पाहिला आहे. लोक त्यावर टाळ्या वाजवतात, मीही वाजवल्या आहेत, आणि हे सगळं मला आवडायला लागलं होतं हेही खरं.

रघुवीरने मात्र यातलं काही पाहिलेलं नव्हतं. स्टुअर्डचं कामच तसं. पिवळं जाकीट घालून मैदानाच्या कडेला उभं राहायचं, पाठ खेळाकडे आणि तोंड लोकांकडे. गर्दीवर नजर ठेवायची, मागे वळायचं नाही. त्याची जागा डाव्या कोपऱ्यात, जिथे समर ट्राय मारायचा, आणि बरोब्बर आमच्या मंडळाच्या स्टँडसमोर. मुलाचे सगळे ट्राय त्याच्या पाठीमागे काही हातांवर झाले. ते त्याने आमच्या तोंडांवर वाचले. समर पळायला लागला की आम्ही उभे राहायचो, तेव्हा त्याच्या गळ्याची शीर हलायची, बाकी तो खांबासारखा. घरी क्लिप का बघत नाहीस विचारलं तर म्हणाला, "बघवत न्हाई."

का बघवत नाही, ते सुहासिनीने मला सांगितलं. सांगलीला त्याच्या संघात उजव्या कोपऱ्यावर त्याचा जिवलग मित्र होता. एका सामन्यात पकड करताना त्याचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं. तोंडावर पाणी मारलं, लोक ओरडले, "ऊठ, ऊठ!" आणि तो उठला. जमिनीला हात टेकून. पुढच्याच चढाईत कुणाचा तरी साधा खांदा लागला, एरवी ज्याने पोरगंही पडलं नसतं. मिरजेच्या दवाखान्यात पोचेपर्यंत खेळ आटोपला होता. त्यानंतर रघुवीर कबड्डी खेळला नाही.

मोसमातली शेवटची ती मॅच. पाऊस धो धो. क्लब जिंकला तर वरच्या डिव्हिजनचं दार उघडणार होतं, आणि एका मोठ्या क्लबाचा माणूस समरला बघायला येऊन बसला होता. मंडळाची झाडून सगळी ओवाळणी समरवर. आणि मी, शिकवल्याप्रमाणे, पाहुण्या संघावर पैसे लावलेले, बारा गुण घेऊन. पाऊस होता ना. शशीने ते सगळ्यांना सांगितलं आणि मला घरभेदी ठरवून अळुवडीच्या डब्यातून वगळण्यात आलं.

दुसऱ्या हाफमध्ये आमचा क्लब दहा गुणांनी पुढे होता. पाहुण्यांचा एक धिप्पाड गडी बॉल घेऊन समरवर आला. समर खाली वाकला, त्याच्या मांड्यांना कवेत घ्यायला गेला, आणि त्या माणसाचा गुडघा समरच्या उजव्या कानशिलावर बसला. लाकडावर हातोडा मारावा तसा आवाज आला. दोघे पडले. बॉल लगेच पलीकडे गेला, रेफरी पलीकडे गेला, फिजिओ दुसऱ्या एकाचं निखळलेलं बोट बसवत होता. समर चिखलात उताणा, हात आखडलेले.

आमचा अख्खा स्टँड उभा राहिला आणि ओरडायला लागला. "ऊठ! समर, ऊठ!" बायका, पोरं, शशी, सगळे. मराठीत. रघुवीर आमच्याकडे तोंड करून उभा होता. त्याने ते शब्द ऐकले आणि त्याचा चेहरा मी पाहिला. रक्त उतरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

तो वळला. नोकरीत पहिल्यांदा तो मैदानाकडे वळला.

समर उठत होता. एक हात टेकला, घसरला, पुन्हा टेकला. उभा राहिला आणि जाऊन पाहुण्यांच्या ओळीत उभा राहिला. आमच्यातले काही हसले. त्यांच्यातल्याच एकाने त्याला खांद्याला धरून आपल्या बाजूला ढकललं. तोवर फिजिओ पोचली, समरने मान हलवली, अंगठा दाखवला. डोक्याला मार लागला की गड्याला बाहेर काढायचा कडक नियम आहे, पण मार कुणी बघितलेलाच नव्हता आणि पोरगा म्हणत होता, आय अॅम फाइन.

"टेक हिम ऑफ!" रघुवीर बोंबलला. "हेड! हिज हेड!" त्याने वॉकीटॉकीवर सांगितलं. तिकडून सुपरवायझरचा आवाज आला, तो मलाही ऐकू आला. "रघू, फेस द क्राउड, मेट."

त्याने तोंड आमच्याकडे केलं नाही.

पुढच्या दोन-तीन टॅकलनंतर पाहुण्यांच्या हातून बॉल निसटला, आमच्या पोरांनी उचलला, हातोहात डावीकडे आला आणि समरच्या हातात पडला. समोर मोकळी पट्टी. पोरगा सुटला. पाय तर त्याचे सवयीने पळत होते, पण मान एका बाजूला कललेली आणि डोळे कुठेच बघत नव्हते. आडवा कापत त्यांचा फुलबॅक, सगळ्यांच्या मागे राखणीला असणारा गडी, येत होता, दरवाजाएवढा, खांदा खाली घालून. समर रेषेवर पडणार आणि तो खांदा त्याच्या डोक्यात बसणार हे कुणालाही दिसत होतं. पण आमचा स्टँड नाचत होता. ओवाळणी फळणार होती.

रघुवीर जाहिरातीच्या फळीवरून सरळ आडवा झेपावला. पन्नाशीचा माणूस. वाकड्या बोटांनी त्याने समरचा घोटा धरला आणि स्वतःकडे खेचला. समर रेषेच्या दोन हात अलीकडे कोसळला, बापाच्या अंगावर. फुलबॅकचा खांदा मोकळ्या हवेतून गेला आणि तो तसाच फळीवर आदळला. फळीचे दोन तुकडे झाले.

पुढचं आठवलं की अजून माझ्या मुठी वळतात. रघुवीरने समरचं डोकं छातीशी घेतलं आणि त्याच्याभोवती वेटोळं करून पडून राहिला. समरच्या टीममधलेच तिघे त्याच्यावर तुटून पडले. एकाने बरगड्यांत लाथा घातल्या, एकाने बुटाचे खिळे त्याच्या हातावर रोवले, पकड सुटावी म्हणून. पकड सुटली नाही. त्याच्याच बरोबरच्या स्टुअर्डांनी त्याला गळ्याला धरून ओढलं, तर समरही बरोबर ओढला गेला. आणि आमचा शशी, मंडळाचा अध्यक्ष, फळी ओलांडून गेला आणि त्याने रघुवीरच्या तोंडावर ठोसा मारला.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" शशी किंचाळत होता. "पोटच्या पोराला पाडतोस? प्रणवची पैज जिंकवायला?"

हिशेब अगदी बरोबर होता. ट्रायचे चार गुण, दहाचे चौदा झाले असते आणि माझे पैसे बुडाले असते. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी कधी फळी ओलांडली ते मला माहीत नाही. शशीच्या कानाखाली मी अशी वाजवली की त्याचा चष्मा चिखलात गेला, आणि मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही. मग मलाही दोन पोलिसांनी चिखलात तोंड घालून दाबलं. तिथून मला समरचा चेहरा दिसत होता. त्याने बापाच्या पिवळ्या जाकिटावर उलटी केली, आणि त्याचे डोळे पांढरे झाले. तेव्हा कुठे लाथा थांबल्या. तेव्हा कुठे कुणीतरी डॉक्टर म्हणून ओरडलं.

कवटीच्या आत उजव्या बाजूला रक्त साचलं होतं. ऑपरेशन केलेल्या सर्जनबाई सुहासिनीला म्हणाल्या, आणखी एक धक्का बसला असता तर तुम्ही त्याला घेऊन येऊ नका असंच मला सांगावं लागलं असतं. समर वाचला. पण डावा हात खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. येईलही, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. खेळणं संपलं.

चौकशीला टाय लावलेले दोघे माझ्याकडे आले. मी त्यांना चहाही विचारला नाही. रघुवीरने मला काय शिकवलं ते सगळं सांगितलं, कांद्यासकट, आणि शेवटी त्यांनी मान्य केलं की यात काही काळंबेरं नाही. क्लबाने मात्र रघुवीरला मैदानाच्या दारात यायची कायमची बंदी घातली. त्याच्या झडपेची क्लिप जगभर फिरली, लोक हसले. मंडळातल्या बायका डबे घेऊन हॉस्पिटलात जायच्या आणि कॉरिडॉरमध्ये रघुवीर दिसला की मान खाली घालायच्या.

समर बापाशी बोलेना. घरी आला तरी बोलेना. सुहासिनी रोज त्याच्यापुढे बसायची, "उचल, बाळा, थोडासा उचल," आणि तो डाव्या हाताकडे बघायचा जसा काही तो शेजाऱ्याचा आहे. फिजिओने चेंडू दिले, दोऱ्या दिल्या. हात हलला नाही. रघुवीर हे दाराआडून बघायचा. मोडलेल्या बरगड्यांनी पुन्हा बसवर जायला लागला होता.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्या किचनमध्ये बसलो होतो. रघुवीर कांदा चिरत होता. समर जिना उतरून आला, डोक्यावर टाक्यांची अर्धी कमान, उजव्या हातात मोबाइल. क्लिप लावलेली होती.

"मी स्कोर केला असता," तो म्हणाला. इतक्या दिवसांत बापाशी पहिलं वाक्य. "बाबा, तू बघ. फुलबॅक लेट होता. तो माझा ट्राय होता."

रघुवीरने बघितलं. शेवटपर्यंत बघितलं. "व्हय," तो म्हणाला. "केला असतास."

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. समरलाही तसंच वाटलं असावं. तो मोबाइल टेबलावर आपटून ओरडला, "देन व्हाय? मग तू का पाडला मला? माझा सगळा लाइफ होता तो!"

"तू उठताना हात टेकलास, समर."

"सो व्हॉट?" आणि समरने उजव्या हाताने बापाच्या तोंडावर ठोसा मारला. सगळं वजन टाकून, मैदानावर मारतात तसा. रघुवीरचा ओठ फाटला. दुसरा छातीवर बसला, जिथे बरगड्या नुकत्या जुळल्या होत्या. सुहासिनी धावत आली, मी उठलो. रघुवीरने आम्हाला नजरेने थांबवलं. त्याने सुरी मागे सरकवली आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरले.

"मार," तो म्हणाला. "चुकलो न्हाई मी. पन मार."

समर मारत होता आणि रडत होता आणि इंग्रजीत शिव्या देत होता. उजवा, उजवा, पुन्हा उजवा. आणि मग मध्येच डावा आला. मूठही नीट वळलेली नव्हती. नुसता उलटा पंजा, लटपटत वर आला आणि रघुवीरच्या कानाला घासून खाली पडला.

समर थांबला. आपल्या हाताकडे बघत राहिला. सुहासिनीने तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरली.

रघुवीरचे दात रक्ताने लाल झाले होते आणि तो हसत होता. "सुहास, बघितलंस का? डावा! डावा उठला!" त्याने चेहरा पुढे केला, अगदी समरच्या पुढ्यात. "पुन्हा मार. समर, डाव्याने मार. मार की रे!"

समरने पुन्हा मारला. रघुवीर जागचा हलला नाही. पाठीमागे त्याची वाकडी बोटं एकमेकांत गच्च अडकलेली होती, कारण टप्प्यात आलेला हात धरायची त्याला जन्माची सवय होती, आणि तो हात त्याला धरायचा नव्हता.